सतरावं कलम

राजपुत्राची तसबीर पुसायचं काम लतिकाचं. लग्न होऊन शारजाला आली त्याच वर्षी सासूबाईंनी ओला फडका तिच्या हातात दिला, तो दिलाच. पुढे सासूबाई गेल्या, फडके बदलले, वर्कशॉप जागा बदलत बदलत इंडस्ट्रियल एरियातल्या ह्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं. काम मात्र तिच्याकडेच राहिलं. तसबिरीत एक कोवळा जपानी राजपुत्र उभा. अंगात पायघोळ झगा, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा गंभीर, आणि हातात चक्क काटकोन मापायचा सुताराचा गुण्या. शेजारच्या चौकटीत विश्वकर्मा. दोघांना मिळून एकच लांब हार. सासऱ्यांच्या, वसंतरावांच्या मते दोघांचं खातं एकच, मग हार दोन कशाला?

“अण्णा, जरा बाजूला व्हा, काच पुसू दे,” लतिका म्हणाली.

“नाकावर डाग राहिलाय,” वसंतराव म्हणाले.

“तो डाग नाही, नाकच आहे.”

“मग बरं.” म्हातारा हसला नाही, पण तिथून हललाही नाही. गुहागरजवळच्या पालशेतहून निघालेला हा पोरगेला सुतार अबुधाबीत एका जपानी कंपनीच्या साइटवर शटरिंगच्या कामाला लागला, त्याला आता जन्म लोटला होता. तिथला फोरमन सातोसान. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, सातोसान आपली सगळी हत्यारं धुऊन पांढऱ्या कापडावर मांडायचा, तांबड्या दाण्यांचा भात शिजवायचा आणि जपानी, कोकणी, पठाण अशा सगळ्यांना गोल बसवायचा. शोतोकु नावाचा हा राजपुत्र चौदाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याची आत्या गादीवर आणि कारभार भाच्याकडे. त्याने देवळं बांधवली, सुतारांना मान दिला, म्हणून तिकडचे सुतार अजून त्याला आपला मानतात. आणि त्याने राज्याला सतरा कलमं घालून दिली. पहिलंच कलम असं की एकोपा सगळ्यांत मोलाचा. उगाच विरोध करू नये.

वसंतरावांनी ते कलम उचललं ते सरळ घरात आणून ठोकलं. तेव्हापासून पांचाळांच्या घरात मोठा प्रश्न राजपुत्राच्या दिवशी गोल बसून सुटायचा. सर्वांत लहान माणसाने आधी बोलायचं, थोरल्याने शेवटी, आणि सगळ्यांनी ‘मान्य’ म्हटलं की खलास. आजवर एकदाही कुणी ‘अमान्य’ म्हटलं नव्हतं. भांडण न होणारं घर म्हणून शारजाच्या मराठी मंडळात पांचाळांचं उदाहरण देत.

भांडण का होत नाही ते फक्त लतिकाला माहीत होतं. सगळी भांडणं आधीच तिच्या फोनवर होऊन गेलेली असत. नवऱ्याचं म्हणणं दिराला, दिराचं सासऱ्याला, सासऱ्याचं नवऱ्याला. प्रत्येकाचा खवट शब्द ती वाटेतच धुऊन, पुसून, मऊ करून पुढे पोचवायची. त्या दिवशी गोलात बसायच्या वेळेला लाकडावर रंधा फिरून झालेला असायचा, नुसतं पॉलिश बाकी.

ह्या वर्षी तिने रंधा हातात धरलाच नव्हता.

दिवाळीत, फराळाच्या ताटांसमोर, वसंतरावांनी सांगून टाकलं होतं, “मी आता गावाला जाऊन राहतो. पालशेतचं घर पुतण्या सदानंद सांभाळतोय, ते उघडायला सांगू. रुपेशला इथलं बघायचंय. लतिका येईल सोबत.” रुपेश, तिचा नवरा, क्षणभर चकलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तुमची इच्छा असेल तर प्रश्नच नाही, अण्णा.” धाकटा दर्शन म्हणाला, “दादाला चालत असेल तर मला चालेल.” दर्शनची बायको शिवानी म्हणाली, “किती छान! तिकडची हवाच वेगळी.” मार्चची तिकिटं निघाली. राहिलं होतं ते राजपुत्रासमोरचं ‘मान्य’. लतिका तेव्हा स्वयंपाकघरात करंज्या मोजत नव्हती की काही नव्हती, तिथेच समोर बसली होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. माणूस स्वतःच्या हाताला विचारतो का, की येतोस ना?

त्यानंतर नेहमीप्रमाणे दर्शनचे, शिवानीचे फोन आले. “वहिनी, अण्णा खरंच खूश आहेत ना? तुम्ही जरा काढून घ्या.” “लतिकाताई, तुमचं रूटीन बदलेल नाही? म्हणजे मी आपलं सहज.” तिने सगळ्यांना एकच सांगितलं, “राजपुत्रासमोर बोला.” दर्शनला वाटलं, वहिनींची तब्येत बरी नाही.

*

राजपुत्राच्या दिवशी अबुधाबीहून दर्शनची गाडी आली ती ट्रॅफिकला शिव्या देतच. दर्शन सरकारी कंत्राटांच्या कन्सल्टन्सीत होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याच्या शर्टाला इस्त्री असे.

“दादा, हे मशीन भारीच बसलंय रे,” तो शेडमध्ये शिरता शिरता म्हणाला. मधल्या जागेत नवी पॅनेल सॉ, प्लायवूड कापायची मोठी करवत, लखलखत होती. ऑक्टोबरात आली. तिच्यासाठी जागा करताना वसंतरावांचं सागवानी बेंच, ज्यावर ते बसल्या बसल्या अजूनही पटाशीने काहीबाही कोरायचे, मागे प्लायवूडच्या थप्पीपलीकडे गेलं होतं.

“अण्णांना विचारूनच बसवलं,” रुपेश म्हणाला.

“मी म्हटलं ना, जागा पाहिजेच,” वसंतराव म्हणाले.

लतिका डब्यांची झाकणं उघडत होती. तांबड्या चवळीचा भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे. जपानी दाणे त्या काळी इथे मिळत नसत म्हणून सासूबाईंनी चवळी घातली आणि मग तीच परंपरा झाली. तिने अण्णांकडे पाहिलं. ‘जागा पाहिजेच’ म्हणताना ते मशीनकडे बघत नव्हते. थप्पीकडे बघत होते.

पूजा झाली. पांढऱ्या कापडावर रंधे, करवती, पटाश्या ओळीने झोपल्या होत्या. सगळे गोल बसले, उलट्या पेट्यांवर, कुणी खुर्चीवर. कामगारांना सुट्टी होती; शेजारच्या गॅरेजमधला रेडिओ तेवढा हळू आवाजात हिंदीत बडबडत होता.

“यल्ला, चल, पर्णिका,” वसंतराव म्हणाले. “धाकटं आधी.”

पर्णिका, लतिकाची मुलगी, दुबईत इंटिरियर डिझाइनचं काम करायची. तिचं दर वर्षीचं भाषण तीन शब्दांचं असे: ओके विथ मी. आज तिने फोन बाहेर काढला.

“आजोबा, मी सगळी वाचली. ऑल सेव्हन्टीन.”

“काय?”

“कलमं. तुम्ही आम्हाला फक्त दोनच सांगता. पहिलं, आणि आठवं.”

“आठवं कुठलं?” शिवानीने विचारलं.

“सकाळी लवकर कामाला यावं आणि उशिरा जावं,” पर्णिका म्हणाली. दर्शन खोखो हसला. “ते लेबरला सांगायला बरं पडतं ना, अण्णा!”

“चांगलं कलम आहे,” वसंतराव म्हणाले.

“पण सतरावं ऐका ना. मोठ्या गोष्टी एकट्याने ठरवू नयेत, पुष्कळांशी चर्चा करावी. आणि दहावं इज माय फेव्हरिट. दुसऱ्याचं मत वेगळं असलं तर रागवू नये. आपणच शहाणे आणि समोरचा वेडा असं नसतं, सगळीच साधी माणसं.”

“मग चर्चाच तर करतोय आपण,” रुपेश म्हणाला.

“नो, बाबा. वी आर नॉट. आपण येस म्हणतो.” पर्णिकाने फोन ठेवला. “मला आजोबा जायला नको आहेत. दॅट्स इट. दिवाळीत सगळ्यांनी येस म्हटलं, सो मी पण म्हटलं.”

वसंतरावांनी कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं.

“पोरीचं प्रेम आहे हो,” शिवानी घाईने म्हणाली. तिची पाळी होतीच. “अण्णा, माझं काय, तुमची इच्छा तीच आमची. तिकडे समुद्र आहे, सदानंदभाऊजी आहेत. मान्य.”

“दादा हो म्हणालाय, म्हणून मीही,” दर्शन म्हणाला. “मान्य.”

मग लतिका. तिच्या पाळीला काय व्हायचं ते ठरलेलं होतं: ती म्हणायची, “ह्यांचं तेच माझं,” आणि सगळ्यांच्या माना तोवर रुपेशकडे वळलेल्याही असत. आजही वळल्या. रुपेशने तोंड उघडलंसुद्धा.

“अमान्य,” लतिका म्हणाली.

तो शब्द ह्या शेडमध्ये कधी कुणी उच्चारलाच नव्हता, त्यामुळे ऐकायला तो थोडा कागदी वाटला, कोर्टातल्यासारखा. म्हणून तिने साध्या भाषेत पुन्हा सांगितलं, “मला पालशेतला राहायला जायचं नाही.”

आणि मग इतक्या वर्षांची उधारी एकदम वसूल व्हावी तसे सगळे एकाच वेळी बोलायला लागले.

“अगं, पण तिकिटं—”

“वहिनी, तुम्ही फोनवर काहीच बोलला नाहीत!”

“लतिकाताई, मग अण्णांचं कोण बघणार? मी म्हणत नाही की तुम्हीच, पण—”

“व्हाय शुड शी ऑलवेज—”

“पर्णिका, तू मध्ये बोलू नकोस!”

“मी मध्ये नाही, मी पहिली होते!”

“तुला दिवाळीतच सांगता आलं नसतं का?” हा रुपेश. त्याचा चेहरा लाल झाला होता. “मला आधी सांगितलं नाहीस तू.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“अगं, सांगायला विचारावं लागतं?”

“हो,” लतिका म्हणाली.

दर्शन रुपेशला म्हणत होता की हे तुमच्या घरातलं तुम्ही आधी मिटवायला हवं होतं. रुपेश दर्शनला म्हणत होता की तुमचं-आमचं घर कधीपासून वेगळं झालं. शिवानी म्हणत होती की दर्शन, तू शांत हो, आणि ते इतक्या मोठ्याने की गॅरेजमधला रेडिओ कुणीतरी बंद केला, बहुधा नीट ऐकू यावं म्हणून. राजपुत्राची एक आख्यायिका वसंतराव दर वर्षी सांगत: दहा माणसं एकदम बोलली तरी तो सगळ्यांचं ऐकायचा आणि प्रत्येकाला बरोबर उत्तर द्यायचा. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं आणि तळहातावर घेऊन बसले.

एकेक जण गप्प झाला. मग त्यांनी यंत्र परत घातलं.

“एकेकाने,” ते म्हणाले. “मी राजपुत्र नाही. लतिका, का नाही यायचं?”

लतिकाला वाटलं होतं, हे विचारलं गेलं की आपल्याकडे उत्तर असेल. उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण दुसऱ्यांची उत्तरं जशी तिच्या जिभेवर तयार असत तसं स्वतःचं नव्हतं. पर्णिकाची नोकरी, रुपेशचं ब्लड प्रेशर, पथ्याचं जेवण, अशी सगळी शोभिवंत कारणं समोर येऊन उभी राहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं आणि एकही तिचं नव्हतं.

“मला गाडी चालवायला आवडते,” ती म्हणाली.

दर्शनला हसू आलं. शिवानीने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

“हसा. मी रोड टेस्टला इतक्या वेळा नापास झाले की तो इन्स्पेक्टर मला नावाने ओळखायला लागला. तुम्ही सगळे म्हणालात, कशाला हवंय लायसन्स, टॅक्सी आहे ना. मागच्या उन्हाळ्यात पास झाले. आता मी माझ्या मैत्रिणीला, जहांआराला, शेजारी बसवते आणि खोरफक्कानला जाते. डोंगरातून बोगदे आहेत, बोगदा संपला की एकदम समुद्र दिसतो. आम्ही तिथे कडक चहा पितो आणि परत येतो. काही काम नसतं तिथे. कुणाचं औषध आणायचं नसतं, कुणाला सोडायचं नसतं.” ती अण्णांकडे वळली. “मला इथे राहायला आवडतं, अण्णा. आयुष्यात पहिल्यांदा. एवढंच कारण आहे. छोटं आहे, मला माहीत आहे.”

“खोरफक्कानला?” रुपेश म्हणाला. “एवढ्या लांब?”

“हो.”

“तू मला म्हणालीस, जहांआराकडे जाते.”

“जहांआरा गाडीत असते ना.”

पर्णिका मान खाली घालून हसत होती. रुपेश बायकोकडे असा बघत राहिला, जणू घरातलं रोजचं कपाट उघडावं आणि आत खिडकी निघावी. मग त्याने हनुवटी चोळली. पाळी त्याची होती.

“माझं सांगतो,” तो म्हणाला. “अण्णा, मी हो म्हणालो कारण तुम्ही ठरवून आला होतात. मला काय वाटलं, ह्यांना इथे करमत नाही, आपण अडवलं तर स्वार्थीपणा. दिवाळीपासून मला धड झोप नाही. लाकूडवाला हमीद परवा सागवान घेऊन आला, चांगलं की कच्चं, मला कळेना. मी तुम्हाला दाखवलं नाही. म्हटलं सवय करायला पाहिजे.”

“दादा, तुला नको होतं?” दर्शन पुढे झुकला. “अरे, मी तुझ्याकडे बघून हो म्हणालो!”

“तू लगेच हो म्हणालास म्हणून मला वाटलं, तुम्ही दोघांनी आधी बोलून ठेवलंय.”

“कुणाशी?”

“अण्णांशी.”

“मी? अरे, मी तर वहिनींना फोन करून विचारत होतो की अण्णा खरंच खूश आहेत का!”

“मला पण ते पटलं नव्हतं,” शिवानी बारीक आवाजात म्हणाली. “पण सगळे मोठे हो म्हणाले, मग मी हवेचं कौतुक केलं.”

आता फक्त वसंतराव उरले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते हात अजून सुताराचेच होते. डाव्या अंगठ्याचं नख साइटवर एकदा गेलं ते वाकडंच परत आलं होतं. त्यांनी राजपुत्राकडे पाहिलं.

“मला कुठे जायचं होतं?” ते म्हणाले.

कुणाला काही समजलं नाही.

“बेंच मागे गेलं. बरोबरच होतं, मशीन पाहिजे होतं. पण मग सकाळी इथे येऊन बसायचं कुठे? आठ दिवस उभा राहिलो इकडेतिकडे. पोरं म्हणायची, अण्णा, धूळ आहे, ऑफिसात एसीत बसा. दिवाळीत मी म्हटलं, बघू या, गावाला जातो म्हणून बघू. म्हटलं, कुणीतरी म्हणेल, नका जाऊ.” त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “सगळे हो म्हणाले. लगेच. हवा चांगली आहे म्हणाले. मग काय करणार? नियम मीच लावलेला. स्वतःच कसा मोडू?”

शिवानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडते आहे असं वाटलं, पण खांदे वेगळ्याच तालात हलत होते. पर्णिकाला ते दिसलं आणि तिला हसू फुटलं. मग दर्शन. मग, पाणी पिता पिता ठसका लागून, रुपेश. एका माणसाला जायचं नाही, पाचांना त्याला पाठवायचं नाही, आणि तिकिटं मात्र खिडकीजवळची! वसंतराव स्वतःही हसले, पण तोंड मिटून, खोड जुनी होती.

लतिकाही हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपलं ‘अमान्य’ हळूच सगळ्यांच्या हसण्याखाली सरकून चाललंय. अण्णा जाणारच नसतील तर प्रश्नच मिटला. पुढच्या वेळी पुन्हा ‘लतिका येईल’. तिला वाटलं, जाऊ दे. आजचा दिवस चांगला आहे.

वसंतराव तिच्याकडेच बघत होते. म्हातारा बहिरा होता, आंधळा नव्हता.

“लतिका,” ते म्हणाले, “आणि मला खरंच जायचं असतं तर?”

हसणं थांबलं. रुपेश म्हणाला, “अण्णा, आता कशाला—”

“तिला विचारलंय.”

ह्या माणसाने सासूबाई गेल्यावर तिला स्वतःच्या हाताने बसायचा पाट करून दिला होता. एकही खिळा नव्हता त्यात. पर्णिकाच्या तापात तो रात्रभर दाराशी बसला होता. त्याला दुखवायचं म्हणजे स्वतःच्याच अंगावर पटाशी चालवायची. तिने सांबाऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग सरळ त्यांच्याकडे.

“तरी नाही, अण्णा. आंब्याच्या दिवसांत महिनाभर आले असते. तुमचं सगळं लावून दिलं असतं, आजारी पडलात तर धावत आले असते. पण राहायला नसते आले.”

शेडवरचा पत्रा उन्हाने तडतडला. वसंतरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं; दुखलंच, ते तिने पाहिलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि तिनेही आपलं वाक्य मागे घेतलं नाही. दोघांच्या मधल्या कापडावर हत्यारं होती.

“सातोसान एकदा चिडला होता,” म्हातारा शेवटी म्हणाला. “आम्ही सगळे त्याला हो हो म्हणायचो. म्हणाला, वासांता, तू हो म्हणतोस तेव्हा मला काहीच कळत नाही.” त्यांनी अंगठ्याचं वाकडं नख चोळलं. “मला तेव्हा वाटलं, इंग्लिश कच्चं आहे त्याचं.”

मग रुपेशकडे वळून म्हणाले, “तिला गृहीत धरलं मी. तू पण धरलंस. लतिका येणार नाही. आज नाही, पुढे नाही. तिला यावंसं वाटलं तर ती सांगेल. मान्य?”

“मान्य,” रुपेश म्हणाला. आणि बायकोकडे वळून, हळूच, “मला पण दाखव एकदा तो बोगदा.”

“जहांआराला विचारून सांगते.”

“मान्य,” दर्शन म्हणाला. “मान्य,” शिवानी म्हणाली. पर्णिका म्हणाली, “सो मान्य.”

“आता बेंच,” वसंतराव उभे राहत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दिवाळीपासून हरवलेली साइटवरची हुकमत परत आली. “बेंच पुढे येणार. दाराजवळ.”

“दाराजवळ? अण्णा, मटेरियल कुठून येणार?”

“दुसऱ्या दाराने.”

“दुसरं दार आगीच्या वेळेसाठी मोकळं ठेवायचंय, सिव्हिल डिफेन्सचा नियम आहे! दर्शन, सांग ह्यांना.”

“दादा, खरं सांगू का, तुझी ही सॉच आडवी बसलीय. ती फिरव.”

“तू अबुधाबीत बसून मला सॉ शिकवतोस?”

“आजोबा, लेट मी ड्रॉ इट—”

“ड्रॉ नको, दोरी आण. जागा दोरीने मापायची असते.”

“अरे, माझं ऐका कुणीतरी! वायरिंग खाली आहे तिथे!”

लतिकाने ताट घेतलं. चवळीचा भात वाढला, त्यावर सांबारं, कडेला दोन वडे. पांचाळांच्या घरात ती सर्वांच्या आधी कधी जेवली नव्हती. वडा अजून ऊन होता. समोर सासरा दोरीचं एक टोक ओढत होता, नवरा दुसरं, आणि दीर मध्ये उभा राहून दोघांनाही चुकीचं ठरवत होता. कुणाचा कुणावर राग नव्हता, पण आवाज मात्र चांगले खणखणीत होते. कुणाला नक्की काय म्हणायचंय ते तिला इथे बसून सगळं कळत होतं. दोन वाक्यांत मिटलं असतं.

“वहिनी!” दर्शन ओरडला. “तुम्ही तरी समजवा ना ह्या दोघांना!”

“मी जेवतेय,” लतिका म्हणाली, आणि दुसरा वडा मोडला.